पौषातला बॅले

आमच्या कॉलेजच्या सायकल स्टँडमागं मोडकी बाकं टाकून दिलेली असतात. बॅलेची तालीम मी पहिल्यांदा तिथं ऐकली. सर त्यातल्याच एका बाकावर उभे होते. समोर लग्नात वाजवणारं नांदेडचं एक बँडपथक बसलेलं. अंगावर वर्दी नाही, कुणी स्वेटरमध्ये, कुणी कानाला मफलर गुंडाळून, आणि प्रत्येकाच्या मांडीवर आपापलं वाद्य. सर त्यांना सांगत होते, "आता तुम्ही पाताळात उतरून राहिलात. ही वरात न्हाई. पाताळ हाय."

बँडमास्तरांनी गंभीरपणे मान हलवली. "पण सर, पाताळात गर्दी किती असंल? त्या अंदाजानं आवाज काढतो."

मला हसू आवरलं नाही. सरांनी माझ्याकडं न बघताच सुनावलं, "मॅडम, आधी ऐका, मग हसा."

हे वाक्य त्यांनी प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना ऐकवलेलं होतं. ऐकवावं लागायचंच, कारण त्यांना हसत नव्हतं असं कॉलेजात कुणी नव्हतं. सर वनस्पतिशास्त्र शिकवत. मूळचे जळकोटचे, पण नांदेडात इतकी वर्षं काढलेली की बोलण्यात दोन्हीकडचं मिसळून गेलेलं. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी बासरीचा बोटभर तुकडा असायचा, सूर लावून बघायला. वर्गात हजेरी घेताना ते एकेक नाव निरनिराळ्या सुरात म्हणत, आणि एखादा गैरहजर असला की म्हणत, "अरे, आज 'प' आला न्हाई." परीक्षेच्या हॉलमध्ये त्यांची ड्यूटी लागली की पोरं बेजार. सर खिडकीच्या गजावर बोटांनी ताल धरत, आणि तो ताल असा काही अर्ध्यात सुटायचा की पुढचा ठोका कधी पडतो याच्याकडंच सगळ्यांचे कान. एका पोरीनं माझ्याकडं रडत तक्रार केली होती की सरांच्या तालापायी तिचा शेवटचा प्रश्न राहिला.

हे बॅलेचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते हैदराबादला एमएस्सी करताना. तिथल्या रविवारच्या जुन्या बाजारात त्यांनी कॅसेटींचा एक ढीग घेतला होता. त्यातल्या एका कॅसेटीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. आत एक कागद होता, त्यावर पायाच्या बोटांवर उभी राहिलेली एक मुलगी आणि चार ओळींत एक ग्रीक गोष्ट. कॅसेटीत गाणं नव्हतं, बोलणं नव्हतं, नुसती वाद्यं. "आणि तरी मला सगळी गोष्ट कळली," सर सांगत. "शब्द एक न्हाई, आन कळली. शब्दात लबाडी करता येते मॅडम. सुरात करून दाखवा बरं." ती कॅसेट पुढं टेपमध्ये अडकून गेली. मग सरांनी ठरवलं की तसाच एक बॅले आपण स्वतः रचायचा. गोष्ट तीच, संगीत आपलं.

गोष्ट अशी. ग्रीस देशात एक गवई होता. लग्नाच्या दिवशीच त्याच्या बायकोला साप चावला आणि ती गेली. गवई तिला आणायला पाताळात उतरला. तिथल्या राजाला त्यानं असं गाणं ऐकवलं की राजा विरघळला. म्हणाला, घेऊन जा हिला. तू पुढं चाल, ती मागून येईल. पण वर पोचेपर्यंत वळून बघायचं नाही. बघितलंस तर ती कायमची गेली. गवई सगळी वाट चालला आणि अगदी शेवटी त्यानं वळून बघितलं.

सरांनी त्या दोघांची नावं आम्हाला कधी सांगितली नाहीत. "परदेशी नावं हायत, जिभेवर बसत न्हाईत. गवई आणि त्याची बायको. बास झालं."

संगीत ते वनस्पतींचे नमुने चिकटवायच्या जाड कागदांवर लिहीत. एका बाजूला वाळलेलं आघाड्याचं पान, मागं सारेगम. पाताळात उतरण्याचा भाग त्यांनी चढत्या सुरांत बांधला होता. मी विचारलं, "सर, उतरायचं आणि सूर वर?" तर म्हणाले, "मॅडम, माणूस बायकोला आणायला चाललाय. म्हंजे वरच चाललाय ना?" आणि परत वर येतानाचे सूर उतरते. "कारण आता त्याला भीती हाय. हातात काई नसताना माणूस भीत न्हाई."

हे ऐकल्यावर मी त्यांना हसायचं जरा कमी केलं.

एकदा सहल घेऊन आम्ही इस्लापूरच्या सहस्रकुंडला गेलो होतो. पोरं पानं गोळा करत होती आणि सर धबधब्याच्या समोर खडकावर बसून तो बासरीचा तुकडा वाजवून बघत होते. बस निघायची वेळ झाली तरी हलेनात. धबधबा कोणत्या सुरात पडतो ते त्यांना शोधायचं होतं, पाताळातल्या नदीसाठी. शेवटी संघमित्रा नावाची एक पोरगी, ती त्याच गावची, त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, "सर, पावसाळ्यात या. तेव्हा त्याचा आवाज बदलतो." सर तिच्याकडं बघतच राहिले. बसमध्ये मला म्हणाले, "कॉलेजात ऐकणारं एक माणूस सापडलं." पुढं गवयाच्या बायकोचं काम त्यांनी तिलाच दिलं. ती कबड्डी खेळायची. नाच कधी केला नव्हता. सरांना त्याचं काही वाटलं नाही.

सरांच्या घरी मात्र हे कौतुक नव्हतं. वहिनी हदगावच्या, स्वभावानं रोखठोक. संध्याकाळी सर पेटी काढून बसले की त्या स्वयंपाकघराचं दार लोटून घेत. एकदा चहाला गेले तेव्हा मी म्हणाले, "वहिनी, तुम्ही ऐकलं असेल ना सगळं?" तर म्हणाल्या, "भिंतीतून येतंय तेवढं ऐकते. अहो, आमच्या लग्नात ह्यांचं लक्ष माझ्याकडं कुठं होतं? बँडकडं होतं. हार घालताना माझ्या नाकाला लागला." सर मान खाली घालून चहा पीत होते. म्हणाले, "बँडातला युफोनियमचा कर्णा फार सुरेख होता त्या दिवशी."

वहिनींचं खोटं नव्हतं. लग्नांना सर जेवायला जातच नसत, बँडसाठी जात. आहेर देऊन झाला की वरातीत बँडमास्तरांच्या खांद्याला खांदा लावून चालत आणि शेवटी कुणाचं काय चुकलं ते सांगत. दुसऱ्या एखाद्यानं असं केलं असतं तर मार खाल्ला असता. पण बँडमास्तरांना हा माणूस आवडायचा. ते म्हणत, "सगळे नाचाया येतात. सर ऐकाया येतात."

म्हणून त्या वर्षी स्नेहसंमेलनाची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली आणि सरांनी आपला बॅले करायचा हट्ट धरला, तेव्हा वादकांचा प्रश्नच आला नाही. संमेलन जानेवारीत, म्हणजे पौषात. आमच्याकडं पौषात लग्नं होत नाहीत. बँडमास्तर म्हणाले, "पौषात आमाला कुत्रं इचारत न्हाई सर. वाजवू की. लोकायला बी कळू द्या, आमाला लग्नाबिगर दुसरं बी येतं."

स्टाफरूममध्ये हे कळलं तेव्हा जी खसखस पिकली ती विचारू नका. कॉमर्सचे एक प्राध्यापक, आम्ही त्यांना कॉमर्सवाले म्हणायचो, त्यांनी तर हातच जोडले. "सर, आपलं पब्लिक कसं आहे ठाऊक आहे ना? रेकॉर्ड डान्स नसला की पाच मिनिटांत मैदान मोकळं. तुमचं ते पाताळ चालू असताना लोक उठून पानटपरीवर जातील."

सर उभे राहिले. आवाज न चढवता म्हणाले, "लोक मधून उठून गेले तर मी पुन्हा कधी सुराला हात लावणार न्हाई. पेटी तुमच्या घरी आणून देतो."

"चालेल की. आमच्या पोरीला शिकायचीच आहे," कॉमर्सवाले म्हणाले आणि सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा बघून मीही हसायची थांबले. हा माणूस शब्दाचा पक्का. पेटी खरंच नेऊन दिली असती, आणि तिच्याविना सर म्हणजे काय उरलं असतं ते मला तरी सुचेना.

तालमी सायकल स्टँडमागं सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी गोष्ट सांगून झाल्यावर बँडमास्तरांनी विचारलं, "साप हाय म्हणता, तर नागीण वाजवू का? लोकं रुमाल घिऊन नाचतील." सरांनी कागद गुंडाळले आणि त्या दिवशीची तालीम तिथंच संपवली. पण खरं भांडण शेवटावरून. गवई वळून बघतो त्या क्षणी सगळा बँड एकदम थांबला पाहिजे, असं सरांचं म्हणणं. काही क्षण काहीच नाही. मग एकट्या क्लॅरिनेटचा सूर, आणि त्या सुरावर ती मागं मागं जात दिसेनाशी होते. बँडमास्तरांना ते पटेना. "सर, बँड मधीच गप झाला तर लोकायला वाटंल नवरदेव रुसला. आमच्या धंद्यात खामोशी चालत न्हाई." ढोलवाला तर बिचारा सवयीचा गुलाम. सगळे थांबले की याचा हात एक ठोका देऊनच थांबायचा. सर त्याच्यासमोर उकिडवे बसून सांगत, "दादा, तुमचा न वाजवलेला ठोकाच माझा सगळ्यात मोठा ठोका हाय." शेवटी शेवटी जमायला लागलं.

जमलं नाही ते इतकंच, की बँडची तालीम वेगळी झाली आणि नाचाची वेगळी. पोरं मोबाईलवरच्या रेकॉर्डिंगवर नाचत होती. दोन्ही एकत्र आलं ते थेट संमेलनाच्या संध्याकाळी.

त्या संध्याकाळी मैदान भरलेलं. पालक, आज्या, लेकरं, हातात मुरमुऱ्या-शेंगदाण्याचे पुडे. पहिल्या रांगेत प्राचार्य, शेजारी कॉमर्सवाले, बायकांच्या बाजूला वहिनी. त्या आल्या होत्या याचंच मला नवल. नेमकं तेव्हा पाताळातला धूर सोडायचं मंडपवाल्याचं यंत्र बंद पडलं. गवई आणि बायको यांच्यामध्ये धुकं हवं होतं, ते आता आणायचं कुठून? संघमित्रा म्हणाली, "मॅडम, सत्काराच्या टेबलावरची पांढरी चादर घेऊ. दोघी जणी धरतील दोघांच्या मधी. तो वळला की सोडून द्यायची." कल्पना इतकी सोपी आणि चांगली, मी लगेच हो म्हणाले. सर तर बँडच्या सुरात बुडालेले, त्यांनी नुसती मान हलवली.

आता नीट बघा काय झालं ते. गोष्टीत लग्नाच्या दिवशीच साप चावलेला, म्हणून दोघांच्या कपाळाला मुंडावळ्या. पोरीच्या अंगावर पिवळी साडी. मध्ये दोघींनी धरलेली पांढरी चादर. आणि खाली लग्नाचा बँड. आयुष्यभर मांडवात जाऊन अक्षता टाकणाऱ्या आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. संघमित्रा बौद्ध घरातली, तिनं मला नंतर सांगितलं, "आमच्यात अंतरपाट नसतो मॅडम. माझ्या ध्यानातच आलं न्हाई." तिचं ठीक होतं. आमचं काय?

बॅले सुरू झाला आणि मी मैदानाकडं बघत उभी राहिले, कोण उठतंय ते. कुणी उठेना. नदीच्या वेळी ढोल आणि झांजा असे घुमले की लेकरं आयांच्या मांडीत शिरली. गवई पाताळात उतरताना सूर चढत गेले. राजापुढच्या गाण्याला क्लॅरिनेटवाल्यानं डोळे मिटून घेतले होते. मोडक्या बाकांवर ऐकलेलं ते हे नव्हतंच. मग परतीची वाट. गवई पुढं, मध्ये चादर, ती मागं. सूर एकेक पायरी खाली येत होते. गवई थांबला. वळला. चादर खाली पडली आणि दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

आणि ढोल कडाडला.

ढोलवाल्याचा दोष नाही. अंतरपाट दूर झाला, नवरानवरीची नजरानजर झाली, आणि त्याच्या हातानं जन्मभर जे केलं तेच केलं. त्याच्या मागोमाग ट्रम्पेट, युफोनियम, झांजा, सगळा बँड लग्न लागल्याच्या थाटात सुटला. आणि आमचं पब्लिक. पहिल्या रांगेतल्या आज्यांचे हात आपोआप वर गेले आणि स्टेजवर मुरमुऱ्यांचा पाऊस पडला. मागून टाळ्या, शिट्ट्या. स्टेजवर गवयाला काय करावं कळेना, संघमित्रा डोक्यावरचे मुरमुरे झटकत हसायला लागली. आणि मग, आमच्याकडं अक्षता पडल्या की मांडव उठतो, पंगतीत जागा धरायची असते, तसं सगळं मैदान उठून उभं राहिलं.

कॉमर्सवाल्यांनी सरांकडं बघितलं. पण लोक जात नव्हते. पंगत नाही हे ध्यानात येऊन ते आपसात हसत होते आणि उभ्यानं टाळ्या वाजवत होते. "वन्स मोअर" सुरू झालं. प्राचार्य स्वतः टाळ्या वाजवत होते. कॉमर्सवाले उठले आणि मोठ्या मनानं म्हणाले, "सर, जिंकलात. पेटी तुमच्याकडंच राहू द्या."

इतक्यावर सोडून दिलं असतं तर चाललं असतं. मी तरी सोडून दिलं असतं. सरांनी माझ्या हातातला माइक घेतला. घाम आलेला, दुसऱ्या हातात बँडला ताल दाखवायची छडी.

"बसा," ते म्हणाले. लोक बसले. "हे जे झालं ते लई गोड झालं. पण ते माझं न्हाई. ते तुमच्या लग्नांचं हाय. माझा शेवट अजून व्हायचाय. त्यात लगीन न्हाई. आता तो वाजवतो. पटला न्हाई तर खुशाल उठून जा, माझा राग न्हाई."

मी हळूच म्हणाले, "सर, कशाला? लोक खूश आहेत."

"म्हणूनच," सर म्हणाले.

मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि अभिमानही वाटला. बँडमास्तरांनी ढोलवाल्याच्या हातातली काठी काढून आपल्या काखेत धरली. दोघींनी चादर पुन्हा उचलली. परतीची वाट पुन्हा सुरू झाली. सूर एकेक पायरी खाली. गवई थांबला. वळला. चादर पडली.

कुणी वाजवलं नाही. अख्ख्या मैदानावर कुणी काही केलं नाही. आज्यांच्या मुठीत मुरमुरे होते, ते मुठीतच राहिले. कुठूनतरी एक क्लॅरिनेट सुरू झाली, इतकी बारीक की आधी वाटलं कुणी रडतंय. संघमित्रा गवयाकडं तोंड करून मागं मागं जायला लागली. तिला नाच येत नव्हता हे किती बरं झालं. ती नुसती चालत होती, एखाद्या माणसाला सोडून जावं लागतं तशी. गवयानं हात पुढं केला आणि तो तसाच राहिला. ती अंधारात गेली. सूर संपला.

टाळी नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसावं हेही सुचत नव्हतं. कॉमर्सवाल्यांनी चष्मा काढून हातात धरला होता. एक माणूस हलला नाही, पाचदहा हजार वेळा तीच ती गाणी ऐकलेलं आमचं हे पब्लिक जागच्या जागी बसून होतं. सर बँडकडं तोंड करून, आमच्याकडं पाठ करून, मान खाली घालून उभे. मागं काय चाललंय हे बघायचं त्यांना धाडस होत नव्हतं, हे त्यांच्या पाठीवरून दिसत होतं.

तेव्हा बायकांच्या रांगेतून आवाज आला.

"अहो."

सगळ्या माना तिकडं वळल्या. वहिनी उभ्या राहिल्या होत्या. पदर तोंडाला लावलेला, तो त्यांनी बाजूला केला. चारचौघांत त्या सरांशी कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

"अहो, असं कसं? आणखी एकदा जाऊ द्या की त्याला खाली."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "हाव सर, धाडा त्याला." दुसरं कुणी म्हणालं, "पुन्हा धाडा." बघता बघता सगळं मैदान तेच म्हणायला लागलं.

सरांनी वळून बघितलं. वहिनी होत्या तिथंच उभ्या होत्या.

मग सरांनी बाहीनं तोंड पुसलं, बँडकडं वळले, बँडमास्तरांच्या काखेतली काठी काढून ढोलवाल्याला परत दिली, आणि छडी वर केली.

"पैल्यापासून," ते म्हणाले.